कोणी केले आणि का केले: भारतीय विद्यापीठांतील गुन्हेगारीशास्त्र

१ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यांतली दोन कलमे शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ (३) प्रमाणे सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांची मुदत मिळाली आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ४ मध्ये शिक्षांच्या यादीत समाजसेवा ही नवी शिक्षा आली. पहिल्यांदाच चोरीत दोषी ठरलेल्याने पाच हजारांहून कमी किमतीचा माल परत केला, तर त्याला तुरुंगात न पाठवता हीच शिक्षा द्यायची.

पहिल्या कलमासाठी लागणारी माणसे घडवायला केंद्राने २०२० मध्ये राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ उभे केले. त्याचा एक परिसर आपल्या जवळ, गोव्यात फोंड्याला आहे. दुसऱ्या कलमासाठीही माणूस लागणार. दोषी ठरलेल्याला कोणते काम द्यायचे, तो येतो की नाही, त्या कामाने त्याच्यात काही बदलते की नुसती मानहानी होते, हे त्याला पाहावे लागेल. हा माणूस कोणत्या वर्गातून यायचा, ते कायद्यात लिहिलेले नाही.

गुन्हेगारीशास्त्राच्या शिक्षणाची आजची स्थिती या दोन कलमांमधल्या अंतरात दिसते. ‘कोणी केले?’ या प्रश्नाला प्रयोगशाळा, अनुदान आणि नोकरी मिळाली आहे. ‘का केले, आणि आता या माणसाचे करायचे काय?’ हा प्रश्न मात्र सत्तर वर्षे विद्यापीठात असूनही त्याला अजून बसायला नीट जागा मिळालेली नाही. ही वेळ कशी आली आणि अभ्यासकांचे त्यावर काय म्हणणे आहे, ते पाहू.

विषय आला कुठून

युरोपातली गोष्ट थोडक्यात सांगता येते. १७६४ मध्ये इटलीतल्या बेकारियाने छळ आणि देहदंडाविरुद्ध लिहिले. शिक्षा किती क्रूर आहे त्यापेक्षा ती किती खात्रीने होते, याने गुन्ह्याला आळा बसतो, हा त्याचा मुद्दा आजही कोणी खोडू शकलेले नाही. १८७६ मध्ये लोम्ब्रोझोने कैद्यांच्या कवट्या आणि चेहरे मोजून ‘जन्मजात गुन्हेगार’ मांडला. विसाव्या शतकात शिकागोच्या समाजशास्त्रज्ञांनी लक्ष शरीरावरून वस्तीकडे वळवले, आणि १९३९ मध्ये सदरलँडने पांढरपेशा गुन्हेगारीचे नाव घेऊन विचारले की कंपनीच्या कार्यालयात होणारा गुन्हा आपल्या सिद्धान्तांत का बसत नाही.

भारतात या विषयाची पहिली पावले सरकारी दप्तरात उमटली, विद्यापीठात नव्हे. लोम्ब्रोझोचे पुस्तक येण्याच्या पाच वर्षे आधी, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला आणि अख्ख्या जमातीच जन्माने गुन्हेगार ठरवल्या. पुढे १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढली. हजेरी, दाखला, तारेचे कुंपण, कुंपणाआड मजुरी हे सगळे महाराष्ट्राने पाहिले आहे. सोलापुरात अशा कुंपणाआडच्या वस्तीचा ‘सेटलमेंट’ हा शब्द आजही पत्त्यात येतो. त्याच काळात, १८९७ मध्ये, कलकत्त्यात बोटांच्या ठशांचा विभाग उघडला. ठशांच्या वर्गीकरणाचे मोठे काम अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी केले, नाव मात्र त्यांच्या वरिष्ठांचे, एडवर्ड हेन्री यांचे झाले.

म्हणजे आपल्याकडे हे शास्त्र मूलतः ओळख पटवण्याचे आणि नोंद ठेवण्याचे तंत्र म्हणून आले. विद्यार्थ्याला हा इतिहास पहिल्याच आठवड्यात सांगायला हवा असे मला वाटते. पुढचे बहुतेक वाद त्यातूनच निघतात.

विद्यापीठात तीन दारांनी

स्वातंत्र्यानंतर हा विषय उच्च शिक्षणात आला तो समाजकार्य, विज्ञान आणि कायदा या तीन दारांनी. तिन्हीकडून आलेली माणसे आजही एकमेकांच्या खोलीत क्वचितच जातात.

समाजकार्याचे दार मुंबईत उघडले. १९३६ मध्ये नागपाड्यात सुरू झालेली समाजकार्याची संस्था पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. १९५१-५२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ वॉल्टर रेकलेस भारतात आले. त्यांनी तुरुंग पाहिले आणि अहवाल दिला. अखिल भारतीय कारागृह नियमावली समिती आणि १९६० ची आदर्श नियमावली हा त्या प्रयत्नांचाच पुढचा टप्पा. संस्थेत गुन्हेगारीशास्त्र आणि सुधारप्रशासन हा विषय रुजला तो याच वातावरणात. कैदी सुधारू शकतो आणि त्यासाठी शिकलेला माणूस लागतो, हा त्या पिढीचा विश्वास होता.

विज्ञानाचे दार १९५९ मध्ये सागर विद्यापीठात उघडले. तिथे गुन्हेगारीशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञान एकाच विभागात आले. मद्रास विद्यापीठात १९६५ मध्ये पदविका सुरू झाली, आणि १९७० मध्ये तिथूनच भारतीय गुन्हेगारीशास्त्र परिषद निघाली. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठानेही हा विभाग काढला. दिल्लीत १९७२ मध्ये केंद्रीय गृहखात्याची संस्था आली. ती आता वर उल्लेखलेल्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचा भाग झाली आहे.

कायद्याचे दार सर्वांत रुंद आहे, पण ते फारसे आत नेत नाही. विधी पदवीच्या मुलाला ‘गुन्हेगारीशास्त्र व दंडशास्त्र’ ही एक पत्रिका भेटते. एन. व्ही. परांजपे किंवा अहमद सिद्दिकी यांचे पुस्तक, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि शिक्षेच्या सिद्धान्तांवर एक दीर्घोत्तरी प्रश्न, एवढ्यावर ते भागते. तुरुंगाचे फाटक न पाहता ही पत्रिका सुटू शकते.

स्वतंत्र शास्त्र की चौरस्ता?

हा पहिला वाद जुना आहे. एका बाजूचे म्हणणे असे की गुन्ह्याचा अभ्यास हे स्वतंत्र शास्त्र आहे. त्याला स्वतःचे सिद्धान्त, स्वतःची संशोधनपद्धती आणि पीडितशास्त्रासारख्या स्वतःच्या शाखा आहेत. अध्यापकपदाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत गुन्हेगारीशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञान हे दोन वेगळे विषय आहेत, हाही पुरावा ही मंडळी देतात. विभाग वेगळा नसेल तर समाजशास्त्रात हा विषय ‘विचलन’ या एका प्रकरणापुरता उरतो आणि कायद्यात एका पत्रिकेपुरता, ही त्यांची तक्रार खोटी नाही.

दुसरी बाजू म्हणते की गुन्हा ही वस्तू निसर्गात सापडत नाही, ती कायदा घडवतो. स्वेच्छेने केलेला समलिंगी संबंध २०१८ पर्यंत आपल्याकडे गुन्हा होता, नंतर राहिला नाही. माणसे तीच होती. मग अशा बदलत्या वस्तूचे स्वतंत्र शास्त्र कसे करणार? हा समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदा, इतिहास आणि अर्थशास्त्राचा चौरस्ता आहे, आणि तो चौरस्ताच राहिलेला बरा.

अमेरिकेत या वादाला एक वेगळे वळण लागले. बर्कलीत १९५० मध्ये गुन्हेगारीशास्त्राची स्वतंत्र शाळा निघाली. तिचे मूळ पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांच्या पोलीस-शिक्षणाच्या प्रयत्नांत होते. साठ-सत्तरच्या दशकांत तिथल्या काही अध्यापकांनी पोलीस, वर्णभेद आणि राज्यसंस्था यांवरच प्रश्न विचारायला सुरुवात केली. १९७६ मध्ये ती शाळा बंद झाली. त्याच सुमारास १९६८ च्या संघीय कायद्याने पोलिसांच्या महाविद्यालयीन शिक्षणाला पैसा पुरवला आणि देशभर ‘क्रिमिनल जस्टिस’चे विभाग वाढले. विषय वाढला तो पोलीस, न्यायालय आणि तुरुंग या यंत्रणेचा व्यावसायिक अभ्यास म्हणून. त्याने पोलीस अधिक शिकले हे खरे. त्याच काळात टीकेची जागा आक्रसली, असेही अनेक अभ्यासक मानतात.

प्रयोगशाळेचे वजन

आपल्याकडे आज बारावीनंतर ‘क्रिमिनॉलॉजी’ विचारत येणाऱ्या बहुतेक मुलामुलींच्या मनात प्रत्यक्षात न्यायसहायक विज्ञान असते: रक्ताचे डाग, डीएनए, मोबाइलमधला डेटा. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय संस्था हे शिकवतात. पुढे न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पद दिसते, म्हणून पालकही तयार होतात.

या बाजूचे म्हणणे गंभीरपणे ऐकायला हवे. आपल्या तपासाची भिस्त फार काळ पंच, साक्षीदार आणि कोठडीतला जबाब यांवर राहिली. साक्षीदार फिरतात आणि पंच ठरावीक असतात. जबाब कसा घेतला जातो, तेही सगळ्यांना माहीत आहे. घटनास्थळी शिकलेला माणूस वेळेवर पोहोचला आणि मुद्देमाल नीट सीलबंद झाला, तर निरपराध सुटण्याची शक्यताही वाढते. विज्ञानाने कोठडीतला दंडुका अनावश्यक ठरावा, ही आशा लहान नाही.

शंका घेणारेही विज्ञानाच्या विरोधात नाहीत. विज्ञान म्हणून काय खपवले जाते, याकडे ते बोट दाखवतात. पुण्याचेच उदाहरण आहे. २००८ मध्ये तिथल्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दोषी ठरवताना मेंदूच्या विद्युतलहरींच्या चाचणीचाही आधार घेतला, आणि जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांनी भुवया उंचावल्या. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी प्रकरणात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची अशी चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही असे ठरवले. चाचणी करणारा तंत्रज्ञ तयार करणे सोपे आहे. ही चाचणी कितपत चुकते, हे न्यायालयात प्रामाणिकपणे सांगणारा माणूस तयार करायला संख्याशास्त्रही लागते आणि नीतीही. अभ्यासक्रमात या दोहोंना किती तास द्यायचे, यावर एकमत नाही.

यंत्रणेसाठी की यंत्रणेवर?

सर्वांत खोल मतभेद इथे आहे. प्रशासकीय बाजूचे अभ्यासक म्हणतात, देशात पोलीस कमी आहेत, खटले तुंबले आहेत, तुरुंग भरले आहेत. विद्यापीठाने व्यवस्था चालवणाऱ्यांना उपयोगी पडेल असे ज्ञान द्यावे: गस्त कुठे घालावी, समन्स वेळेत कसे बजवावे, कैद्यांचे वर्गीकरण कसे करावे. यात कमीपणा मानायचे कारण नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार बंदी होते आणि जागा होती ४ लाख ३६ हजारांची. त्यांतले ४ लाख ३४ हजार न्यायाधीन, म्हणजे कच्चे कैदी. दर चौघांतल्या तिघांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. हा आकडा कमी करण्याचे शास्त्र कोणी शिकवत असेल, तर ते शिकावेच.

चिकित्सक बाजू म्हणते, आधी आकडा काय मोजतो ते पाहा. १९५३ पासून निघणाऱ्या ‘क्राइम इन इंडिया’ अहवालात मोजणी होते ती दाखल गुन्ह्यांची, घडलेल्या गुन्ह्यांची नाही. एका फिर्यादीत अनेक कलमे असली तर सर्वांत गंभीर कलमच धरले जाते. एखाद्या राज्यात स्त्रिया निर्धास्तपणे ठाण्यात जाऊ लागल्या तर तिथला ‘गुन्हा’ वाढलेला दिसतो. पत्रकार रुक्मिणी एस. यांनी दिल्लीतल्या २०१३ मधल्या बलात्काराच्या निकालांचा एकेक कागद वाचला. पूर्ण चाललेल्या खटल्यांपैकी सुमारे पाचात दोन प्रकरणे संमतीने एकत्र आलेल्या जोडप्यांची निघाली, आणि त्यांत अनेक ठिकाणी फिर्याद मुलीच्या घरच्यांची होती. हे काम वृत्तपत्राने केले, हे गुन्हेगारीशास्त्राच्या विभागांनी मनाला लावून घ्यायला हवे.

दुसरे उदाहरण तर आपल्या दारातले. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, पण त्यामागोमाग राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला १९८८ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि पोलिसांच्या नजरेतले बालपण मराठी वाचकाला तिथे जवळून दिसले. पण तुरुंगांच्या नियमावल्यांतून जात गेली नाही. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी २०२० मध्ये ते उघड केले: स्वयंपाक कोणाला, झाडू कोणाला, हे जातीवरून ठरत होते. त्यांच्याच याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कलमे रद्द केली आणि विमुक्त, म्हणजे पूर्वी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या, जमातींना सवयीचे गुन्हेगार धरण्यावरही बोट ठेवले. या नियमावल्या कितीतरी वर्षे ‘सुधारप्रशासना’च्या वर्गांतून शिकवल्या गेल्या होत्या.

प्रशासकीय बाजूकडे यावर उत्तर आहे, आणि तेही खरे आहे. बाहेरून टीका करणाऱ्याला तुरुंगाचे दार उघडत नाही. २०१५ च्या केंद्रीय सूचनेनंतर संशोधकांना आत जाण्यासाठी परवानगी, एक लाखाची अनामत आणि ध्वनिमुद्रण दाखवण्याची अट आली. जो विभाग यंत्रणेशी सलोखा ठेवतो, त्याच्याच विद्यार्थ्याला बराक पाहायला मिळते. सलोखा ठेवून स्वच्छ डोळ्यांनी लिहिता येते का, याचे उत्तर प्रत्येक विभागाने आपापले शोधले आहे.

सिद्धान्त कोणाच्या मातीतले

२०१६ मध्ये कॅरिंग्टन, हॉग आणि सोझ्झो या तिघांनी ‘दक्षिणी गुन्हेगारीशास्त्रा’ची मांडणी केली. शिकागो आणि केंब्रिजच्या अनुभवावर उभे सिद्धान्त जगाला जसेच्या तसे लावू नका, हा त्यांचा सांगावा. आपल्या वर्गात आजही मर्टन, सदरलँड आणि बेकर हे अमेरिकी अभ्यासकच पाठ होतात. जात, स्थलांतर, जमीन आणि कुटुंबाची इज्जत यांना सिद्धान्तात जागा देण्याचे काम सुरू झाले आहे, पण ते विखुरलेले आहे. काही जण सावधही करतात: देशी सिद्धान्ताच्या हौसेपायी मोजमापाची शिस्त सुटू नये.

मला इथे आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर आठवते. १९३९ मध्ये औंध संस्थानात मॉरिस फ्रिडमन यांच्या कल्पनेतून खुनाच्या कैद्यांची खुली वसाहत निघाली. भिंत नाही, शेती आहे, कुटुंब सोबत. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’चे मूळ तिथे आहे, कथा गदिमांची. खुल्या तुरुंगाच्या धड्यात विद्यार्थी इंग्लंडमधले वेकफिल्ड आणि १९५२ च्या उत्तर प्रदेशातल्या छावण्या वाचतो, पण स्वतंत्रपूर बहुधा सिनेमाच्या गप्पांतच येते. तिथून सुटलेल्यांचे पुढे काय झाले याचा पद्धतशीर अभ्यास शिकवला जात नाही. खरे तर देशभर सुटलेल्या कैद्याचा माग ठेवणारी नोंदच नाही. त्यामुळे ‘सुधारणा होते का?’ या प्रश्नाला भारतीय उत्तर देता येत नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत मार्टिनसनने ‘काहीच उपयोगी पडत नाही’ असा सूर लावला आणि पाच वर्षांत तो स्वतःच मागे घेतला. तो वाद आपण उधार घेतो, पण त्यामागची आकडेवारी आपल्याकडे नाही.

व्हरांड्यातला अभ्यास

या विषयातले भारतातले सर्वांत मोलाचे शिक्षण क्षेत्रकार्यात झाले, असे माझे मत आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या आवारात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तो पुढे राज्यभर गेला. १९९० मध्ये तुरुंग आणि ठाण्यांत काम करणारा तिचाच ‘प्रयास’ हा प्रकल्प निघाला.

मुंबईतल्या कुठल्याही दंडाधिकारी न्यायालयाच्या व्हरांड्यात सकाळी अकराला उभे राहावे. जामीन झालेला माणूस आत आहे. आदेशात जातमुचलका आणि एक हमीदार लिहिला आहे. हमीदाराला रेशनकार्ड, पगाराची पावती, ऐपतीचा दाखला आणावा लागतो. आरोपी बांधकामावरचा, ओळखीचा तोच एक मुकादम, आणि मुकादम कोर्टात यायला तयार नाही. क्षेत्रकार्याला आलेली विद्यार्थिनी गावी फोन लावते, भावाला शोधते, मग रोख जामिनाचा अर्ज लिहून वकिलाकडे देते. २०२३ च्या केंद्रीय योजनेने अशा बंद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत मदत ठेवली. पण त्यासाठी समितीपुढे कागद न्यायला कोणीतरी लागतेच. न्यायाधीन बंद्यांचा तो मोठा आकडा असा एकेक माणूस धरून बनतो आणि असाच कमी होतो. हे पुस्तकातून शिकता येत नाही.

आणखी एक उदाहरण. पुण्यातल्या १९९४ च्या एका हत्याकांडात फाशी झालेला माणूस नागपूरच्या तुरुंगात होता. गुन्ह्याच्या वेळी तो बारा वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मान्य केले आणि २८ वर्षांनी तो सुटला. निर्णायक कागद होता राजस्थानातल्या गावच्या शाळेतली जन्मतारखेची नोंद. ती शोधायला कोणताही गूढ सिद्धान्त लागत नव्हता. आरोपी कोण, कुठला, कसा वाढला, हे विचारण्याची सवय लागत होती. २०२२ च्या मनोज निकालात सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या प्रकरणांत हीच चौकशी आवश्यक केली: परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल, तुरुंगातली वर्तणूक, मानसिक स्थितीची तपासणी. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम १५ प्रमाणे सोळा ते अठरा वयाच्या मुलाची प्राथमिक पारख करतानाही तज्ज्ञाची मदत हवी, असेही न्यायालयाने २०२२ मध्येच सांगितले.

पद कुठे आहे

न्यायालये अशी मागणी करू लागली आहेत. पुरवठा कोण करणार, यावर तीन मते ऐकू येतात. काही जण म्हणतात, १९५८ च्या परिवीक्षा कायद्यातले अधिकारीपद बळकट करा आणि त्यासाठी गुन्हेगारीशास्त्राची पदवी आवश्यक करा. आज समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदा अशा अनेक वाटांनी माणूस तिथे पोहोचतो. काहींना ही सक्ती धोक्याची वाटते. विद्यापीठांत विभागच थोडे आहेत, तिथे पदवीची अट घातली तर जागा रिकाम्याच राहतील. तिसरे मत अनुभवी कार्यकर्त्यांचे: पदवी कोणतीही चालेल, पण तुरुंग, निरीक्षणगृह आणि न्यायालय यांत ठरावीक महिने काम केल्याशिवाय कोणालाही अहवालावर सही करू देऊ नका.

मला तिसरे मत जवळचे वाटते, पण त्यातला अडसर दिसतो. क्षेत्रकार्याला एका विद्यार्थ्यामागे मार्गदर्शक लागतो, आणि ते खर्चाचे काम आहे. एका प्रयोगशाळेत चाळीस मुले एकाच वेळी सूक्ष्मदर्शक शिकू शकतात. निरीक्षणगृहात एका मुलासमोर चाळीस विद्यार्थी बसवता येत नाहीत.

हा अडसर दूर होईपर्यंत पाच हजारांखालच्या चोरीचे पहिले दोषी समाजसेवेची शिक्षा घेऊन न्यायालयातून बाहेर पडत राहतील. त्यांनी कुठे जायचे, किती तास, कोणाला सांगायचे, आणि काम संपल्यावर कोणी त्यांना काही विचारणार आहे का, हे बऱ्याच ठिकाणी न्यायालयच आपापल्या परीने ठरवेल.